मोटारीच्या टाकींत कोंडणारा दाब : निदान व उपाय

भोर व वेल्हे या भागांत, जेथें शेतकऱ्याच्या दारांत इंधनावर चालणारें एकहि वाहन नाहीं, असें गांव आज विरळा. दुधाचे कॅन रस्त्यापर्यंत मोटारसायकलीवर येतात, भाजी व तांदूळ टेम्पोंतून पुण्यास जातात, भातखाचरांची चिखलणी पॉवर टिलर करितो आणि बांधावरील गवत कापण्यास लहानसें पेट्रोलचें यंत्र खांद्याला अडकविलेलें असतें. बैलाची पोटफुगी आम्हांस लांबूनहि ओळखतां येते. डाव्या कुशीवर थाप मारिली कीं नगाऱ्यासारखा आवाज येतो आणि लगेच उपाय सुरू होतो. परंतु वाहनाच्या टाकीचें पोट फुगलें म्हणजे काय होतें, तें कसें ओळखावें व प्रथम काय करावें, याची माहिती फारच थोड्या जणांस असते. ही माहिती नसल्यामुळें पैसा तर जातोच, पण प्रसंगीं माणूसहि भाजतो. प्रस्तुत लेखकाच्या घरीं असा प्रसंग अगदीं थोडक्यांत टळला. म्हणून झालेला प्रकार, त्याचीं कारणें व निदानाची रीति येथें क्रमानें देत आहें. मी यंत्रशास्त्र शिकलेला नाहीं; माझी हयात महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. परंतु पंचनामा लिहितांना जें डोळ्यांस दिसतें तें आधीं लिहावें व तर्क मागाहून करावा, ही जी संवय तेथें लागली, तिचा या कामीं उपयोग झाला.

घडलेला प्रकार

मे महिन्याचे दिवस होते. माझा पुतण्या व मी त्याच्या लहान पेट्रोल टेम्पोंतून महाडहून भोरला परत येत होतों. मागें आंब्याच्या पेट्या होत्या. निघतांना महाडास टाकी भरली. पंपावरील नळी एकदां आपोआप बंद पडल्यावरहि आणखी थोडें, पुन्हा थोडें, असें करीत पुतण्यानें आंकडा पूर्ण रुपयांवर आणला व पेट्रोल अगदीं तोंडाशीं आलें. दुपारची वेळ होती. बिरवाडी, वरंध व माझेरी हीं गांवें मागें टाकून घाट चढूं लागलों. चढ बहुतेक पहिल्या व दुसऱ्या गिअरवरच झाला. माथा ओलांडून शिरगांवच्या पुढें आल्यावर पेट्रोलचा वास येऊं लागला, म्हणून हिर्डोशीच्या अलीकडे एका चहाच्या टपरीपाशीं गाडी थांबविली. टपरीची चूल आठ-दहा पावलांवर पेटलेली होती.

पुतण्यानें इंजिन बंद करून टाकीचें झांकण फिरविलें. तें सैल होतांच मोठा फुसकारा झाला, झांकण हातांतून उडालें आणि पेट्रोलचा फवारा त्याच्या दंडावर, छातीवर व जमिनीवर पडला. टपरीवरील बाईनें प्रसंगावधान राखून पाण्याची भरलेली कळशी चुलींत ओतली. वारा चुलीकडून आमच्याकडे वाहत होता, आमच्याकडून चुलीकडे नव्हता. एवढ्यावरच त्या दिवशीं सर्व निभावलें. पुतण्याचा सदरा काढून, अंग साबणानें धुवून अर्ध्या तासानें आम्हीं पुढें निघालों.

दुसऱ्या दिवशीं गाडी एका दुरुस्तीच्या ठिकाणीं नेली. तेथें टाकीकडे कोणीं पाहिलें नाहीं. फ्यूएल पंप गेला असें सांगण्यांत आलें व नवा पंप बसविला. साडेपांच हजार रुपये झाले. आठ दिवसांनीं उन्हांत उभ्या असलेल्या त्याच गाडीचें झांकण काढतांना तसाच फुसकारा झाला. तेव्हां मात्र मीं वही घेतली, आणि गाडीचा पंचनामा होईपर्यंत एकहि नवा भाग घ्यावयाचा नाहीं, असें घरांत ठरविलें.

दाब कोठून येतो

टाकींत खालीं पेट्रोल असतें व त्याच्या वर हवा आणि पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण असतें. टाकी तापली कीं तीन गोष्टी एकाच वेळीं घडतात.

पहिली गोष्ट, पेट्रोल स्वतः फुगतें. तापमान २० अंश सेल्सिअसनें वाढलें तर ५० लिटर पेट्रोलाचें आकारमान सुमारें १ लिटरनें वाढतें. पंपावरील सांठा जमिनीखालीं असल्यामुळें पेट्रोल थंड असतांना आपल्या टाकींत येतें व उन्हांत तापतें. टाकी तोंडापर्यंत भरली असेल तर या वाढीस जागाच उरत नाहीं.

दुसरी गोष्ट, वरची हवा तापून पसरूं पाहते. बंद टाकींतील हवा २५ अंशांवरून ४५ अंशांवर गेली तर तिचा दाब जवळजवळ १ पौंडानें वाढतो. येथें पौंड म्हणजे आपण टायरची हवा ज्या मापानें मोजतों तोच, म्हणजे दर चौरस इंचास एक पौंड.

तिसरी गोष्ट सर्वांत मोठी, ती पेट्रोलच्या वाफेची. पेट्रोल हें पाण्यासारखें सावकाश वाफ होणारें द्रव्य नव्हे. ३८ अंशांस त्याच्या वाफेचा स्वतःचा दाब सुमारें ८ ते ९ पौंड असतो व उष्णतेबरोबर तो झपाट्यानें चढतो. अलीकडे आपल्याच उसापासून व धान्यापासून केलेलें इथेनॉल पेट्रोलांत मिसळलेलें असतें. थोड्या प्रमाणांत मिसळलेल्या इथेनॉलनें पेट्रोलची वाफ होण्याची प्रवृत्ति कांहींशी वाढते. डिझेलची गोष्ट वेगळी आहे. त्याची वाफ फारच थोडी होते. म्हणून ट्रॅक्टरच्या किंवा टिलरच्या टाकींत असा जोराचा दाब सहसा आढळत नाहीं.

या तिहींना आमच्या भागांत चौथें कारण मिळतें, तें घाटाचें. महाड जवळजवळ समुद्रसपाटीस आहे व भोर सहाशे मीटरांच्या आसपास. वरंध घाटाचा माथा तर भोरहूनहि उंच आहे. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब कमी असतो. समुद्रसपाटीस तो सुमारें १४.७ पौंड, तर सहाशे मीटरांवर सुमारें १३.७ पौंड असतो. म्हणजे महाडास घट्ट बंद केलेली टाकी कांहींहि न तापतां नुसती भोरपर्यंत आणिली, तरी आंतील दाब बाहेरच्यापेक्षां १ पौंडानें अधिक भरतो.

एक पौंड ही संख्या ऐकण्यास क्षुल्लक वाटते. परंतु टाकीच्या पत्र्याचा एक चौरस फूट घेतला तर त्यांत १४४ चौरस इंच होतात, आणि त्यावर १ पौंड दाब म्हणजे सुमारें ६५ किलोचा भार. दाब ३ पौंड झाला कीं तोच भार जवळजवळ दोन क्विंटल होतो. टायरचें रबर हा दाब सहज सोसतें, पण टाकीचा सपाट पत्रा किंवा प्लास्टिक त्यासाठीं केलेलें नसतें. दोन इंच रुंदीच्या तोंडावरील झांकणावरहि या दाबानें चार-साडेचार किलोचा जोर येतो. आमच्या पुतण्याच्या हातांतून झांकण कां उडालें, हें यावरून कळेल.

टाकीचा श्वास

हा दाब रोज, प्रत्येक गाडींत उत्पन्न होतो. परंतु तो सांठत नाहीं, कारण टाकीस श्वास घेण्याची वाट ठेविलेली असते. कारागीर तिला ब्रीदर म्हणतात. जुन्या मोटारसायकली, गवत कापण्याचीं यंत्रें व टिलर यांत ही वाट म्हणजे झांकणांतील एक सुईएवढें भोंक असतें. कांहीं झांकणांत दोन बारीक झडपा असतात; एक दाब वाढल्यास बाहेर उघडते व दुसरी आंत हवा घेते.

नव्या पेट्रोल गाड्यांत वाफ उघड्यावर सोडण्याची मनाई आहे. भारत स्टेज-४ हीं प्रदूषणाचीं मानकें एप्रिल २०१७ पासून देशांतील सर्व नव्या गाड्यांस लागू झालीं, तेव्हांपासून दुचाकींतहि वाफ धरून ठेवण्याची योजना आली; १ एप्रिल २०२० पासूनच्या स्टेज-६ गाड्यांत ती अधिक कडक आहे. या योजनेंत टाकींतील वाफ एका नळीनें कोळशाच्या डब्यांत जाते. या डब्यास कॅनिस्टर म्हणतात. आंतील सच्छिद्र कोळसा पेट्रोलची वाफ धरून ठेवितो व स्वच्छ हवा दुसऱ्या तोंडानें बाहेर सोडितो. इंजिन चालूं झालें कीं पर्ज नांवाची झडप उघडते, बाहेरची हवा डब्यांतून उलट ओढली जाते आणि धरून ठेविलेली वाफ इंजिनांत जळून जाते. म्हणजे टाकी, नळी, डबा, डब्याचें हवेचें तोंड व पर्ज झडप अशी ही पांच ठिकाणांची वाट आहे. पांचांपैकीं एक ठिकाण अडलें कीं श्वास बिघडतो.

दाब कीं ओढ

श्वास अडल्याचे दोन विकार आहेत व ते एकमेकांच्या उलट आहेत. टाकी तापत असेल तर आंत दाब सांठतो. टाकी निवत असेल, किंवा इंजिन पेट्रोल ओढीत असून त्याच्या जागीं हवा येत नसेल, तर आंत पोकळी होऊन ओढ उत्पन्न होते. दोहोंतहि झांकण उघडतांना फुसकारा होतो. म्हणून नुसत्या आवाजावरून निर्णय करूं नये.

ओढीचें एक उदाहरण देतों. वेल्ह्याकडील आमच्या एका सोयऱ्याची जुनी मोटारसायकल ऐन पावसाळ्यांत नसरापूरकडे येतांना वाटेंत बंद पडे. दहा मिनिटें थांबलें कीं पुन्हा चालूं होई व थोड्या अंतरानें पुन्हा बंद. कार्बोरेटर दोनदां साफ झाला, प्लग बदलला. शेवटीं असें निघालें कीं, टाकींत पावसाचें पाणी जाऊं नये म्हणून त्यानें झांकणाखालीं प्लास्टिकचा कागद घालून झांकण घट्ट लाविलें होतें. त्या कागदानें पाणी थांबलें व हवाहि थांबली. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल केवळ आपल्या वजनानें उतरतें, आणि वीतभर उंचीच्या पेट्रोलाचा जोर पाव पौंडाइतकाहि नसतो. तेवढी ओढ वर उत्पन्न झाली कीं पेट्रोल उतरण्याचें थांबतें. या विकाराची एक खूण लक्षांत ठेवण्याजोगी आहे : टाकी भरलेली असतां गाडी लवकर बंद पडते व अर्धी असतां उशिरां, कारण भरलेल्या टाकींत हवेला जागा थोडी असल्यामुळें ओढ लवकर चढते. पेट्रोलांत कचरा असेल तर असा फरक पडत नाहीं. आमच्या भागांतील पावसांत हा कागद घालण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. ती सोडावी व गाडी उभी असतांना टाकीवरून नुसतें ताडपत्रीचें आच्छादन घालावें.

दाबाच्या खुणा वेगळ्या आहेत. गाडी उन्हांत उभी राहिल्यावर किंवा घाट चढून आल्यावर पेट्रोलचा वास येतो. कार्बोरेटरच्या गाडींत तो दाब पेट्रोलला सुईच्या झडपेवरून पुढें लोटतो व खालच्या नळींतून पेट्रोल ठिबकूं लागतें. तापलेलें इंजिन बंद केल्यावर लवकर चालूं होत नाहीं व झालें तर काळा धूर सोडतें. प्लास्टिकची टाकी असेल तर तिच्या बाजू फुगलेल्या हातास लागतात.

निदानाची रीति

पुढील परीक्षा ज्या क्रमानें दिल्या आहेत त्याच क्रमानें कराव्या. आधीं गाडी सावलींत, सपाट जागीं, घर, गोठा व चूल यांपासून दूर उभी करावी. इंजिन बंद करून निदान एक तास निवूं द्यावें. विडी, काडी, कंदील व मोबाइल जवळ नसावे.

१. दिशा पाहणें. झांकणावर ओलें फडकें टाकून तें अगदीं थोडें, पाव फेरा फिरवावें व हात तेथेंच धरून ठेवावा. झांकणाच्या कडेशीं सुती दोऱ्याचा एक बारीक तंतु धरावा. तो बाहेर उडाला तर दाब आहे. आंत ओढला गेला तर पोकळी आहे. आवाज पूर्ण थांबल्याखेरीज झांकण काढूं नये.

२. वेळ पाहणें. हीच परीक्षा तीन दिवस पहाटे व दुपारीं करून वहींत लिहावी. किंचित् फुसकारा कोणत्याहि चांगल्या गाडींत होतो; त्याची चिंता नको. परंतु दुपारीं जोरानें बाहेर व पहाटे जोरानें आंत असा आवाज रोज होत असेल, तर टाकी दोन्ही बाजूंनीं पूर्ण बंद झाली आहे असें समजावें. आमच्या टेम्पोची नोंद नेमकी अशीच निघाली. दुपारीं उघडून पुन्हा लाविलेलें झांकण पहाटे उघडतांना दोरा आंत ओढला जाई. फ्यूएल पंपाचा याशीं कांहीं संबंध नव्हता, हें येथेंच सिद्ध झालें.

३. झांकण पाहणें. झांकण काढून आंतील बाजू पाहावी. भोंकांत माती, गंज किंवा रंग बसला आहे काय? झडपा बोटानें दाबल्या असतां हलतात काय? झांकण मूळचें आहे कीं बाजारांतून आणिलेलें? किल्ली हरवल्यावर जें मिळेल तें झांकण बसविण्याची रीति आहे. त्यांतील पुष्कळांत झडपच नसते.

४. नळी पाहणें. टाकीवरून निघालेली श्वासाची नळी शेवटपर्यंत हातानें चाचपावी. ती कोठें मुडपली, चेपली किंवा पत्र्याखालीं अडकली असेल तर सोडवावी. नळी काढून सायकलच्या पंपानें हलकेंच हवा घालून पाहावी. तोंडानें फुंकूं नये, पेट्रोलची वाफ छातींत जाते. टायरच्या कॉम्प्रेसरची हवा टाकीच्या वाटेस तर कधींच लावूं नये. तिचा दाब शंभर पौंडांच्या घरांत असतो व वर सांगितलेला हिशेब पाहतां टाकी फाटण्यास त्याचा लहानसा अंशहि पुरे.

५. कोळशाचा डबा पाहणें. डबा काढून हातांत तोलावा. कोरडा डबा हलका असतो. जड लागला, हालविल्यावर द्रव डुचमळला किंवा पेट्रोल ठिबकलें, तर तो भिजून निकामी झाला आहे असें समजावें. टाकी तोंडापर्यंत भरण्याच्या संवयीचा हा परिणाम. जेथें केवळ वाफ जावयाची तेथें पेट्रोलच गेलें. डब्याच्या हवेच्या तोंडाची जाळी चिखलानें भरली आहे काय, हेंहि पाहावें.

६. पर्ज झडप व उष्णता. इंजिन बंद असतां पर्ज झडपेंतून हवा जातां कामा नये. जात असेल तर ती उघडी अडकली आहे, व पेट्रोल भरल्यावर गाडी चालूं होण्यास त्रास देईल. झडप नेहमींच बंद राहते काय, हें कारागिराकडून तपासून घ्यावें. शेवटीं गाडीखालीं पाहावें. सायलेन्सरच्या नळीची उष्णता टाकीस लागूं नये म्हणून मध्यें एक पत्रा असतो. खडकाळ वाटेवर तो पुष्कळ वेळां निसटतो व कोणी परत बसवीत नाहीं.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा कीं, एका वेळीं एकच दोष दूर करावा व पुन्हा परीक्षा दुसरी करून पाहावी. चार भाग एकदम बदलले तर गाडी कदाचित् सुधारेल, पण दोष कशांत होता हें कळणार नाहीं व पुढच्या वेळीं पुन्हा चारहि भागांचे पैसे द्यावे लागतील.

आमच्या गाडींत काय निघालें

झांकण आधीं पाहिलें. किल्ली हरवल्यावर दोन वर्षांपूर्वीं तें बाजारांतून आणिलेलें होतें व त्यांत झडप नव्हती. मूळ जातीचें झांकण बसविलें. फुसकारा निम्म्यानें कमी झाला, पण गेला नाहीं. नळी स्वच्छ होती. मग गाडीखालीं शिरून डब्याचें हवेचें तोंड पाहिलें, तों त्यावर सुपारीएवढें मातीचें घर दिसलें. कुंभारीण माशीनें तें बांधलें होतें. हिवाळ्यांत दोन महिने गाडी गोठ्याशेजारीं उभी होती. तेवढ्यांत त्या लहानशा प्राण्यानें टाकीचा श्वास बंद करून टाकिला. तें घर काढल्यावर फुसकारा आणखी उतरला. तरीहि पेट्रोलचा वास येई, म्हणून डबा काढला. तो जड होता व त्यांतून पेट्रोल गळलें. डबा बदलला आणि दोष संपला. झांकण व डबा यांचा मिळून खर्च त्या पंपाच्या निम्म्याहून कमी झाला. काढून टाकलेला जुना पंप पुढें तपासून घेतला तेव्हां तो चांगला निघाला. तो अद्याप घरांत आहे.

म्हणजे एकच दोष नव्हता. झडप नसलेलें झांकण, बुजलेलें तोंड व भिजलेला डबा हे तिन्ही एकत्र आले, वर घाटाची चढण, उन्हाची वेळ व तोंडापर्यंत भरलेली टाकी. यांतील दोन गोष्टी निसर्गाच्या होत्या. बाकी साऱ्या आमच्याच हातच्या.

एक अफवा व एक खरी गोष्ट

दर उन्हाळ्यांत मोबाइलवर असा मजकूर फिरतो कीं, टाकी पूर्ण भरल्यानें गाड्यांचे स्फोट होत आहेत, म्हणून अर्धीच टाकी भरावी व रोज एकदां झांकण उघडून वायु सोडावा. हा मजकूर खोटा असल्याचें इंडियन ऑइल कंपनीनें २०२२ सालीं जाहीर केलें आणि कारखानदारानें ठरविलेल्या मर्यादेपर्यंत कोणत्याहि ऋतूंत इंधन भरणें सुरक्षित आहे असें सांगितलें. यांतील भेद नीट समजून घ्यावा. ठरविलेली मर्यादा म्हणजे पंपाची नळी आपोआप बंद पडते तेथपर्यंत; तोंडापर्यंत नव्हे. वर उरलेली जागा कारखानदारानें पेट्रोलच्या फुगण्यासाठींच ठेविली आहे.

रोज झांकण उघडण्याचा उपदेश तर अपायकारक आहे. टाकीच्या आंत वाफ इतकी दाट असते कीं जळण्यास लागणारी हवाच तिला मिळत नाहीं. पेट्रोलची वाफ हवेंत शेंकडा सुमारें दीड ते साडेसात या प्रमाणांत असली तरच पेट घेते. हें प्रमाण उघडलेल्या तोंडाबाहेर, वाफ व हवा मिसळतात तेथें जुळून येतें. शिवाय ही वाफ हवेहून तिपटीहून अधिक जड असल्यामुळें वर न जातां जमिनीलगत पसरते व उताराच्या बाजूस असलेल्या चुलीपर्यंत पोहोंचते. म्हणून धोका बंद टाकींत नसून तापलेली टाकी उघडण्यांत आहे.

हा धोका काल्पनिक नव्हे. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत फोर्ड कंपनीच्या गाड्यांवर बांधलेल्या रुग्णवाहिकांत असेच प्रकार झाले. इंजिन तासन्‌तास चालूं ठेवून उभ्या राहिलेल्या त्या गाड्यांत खालच्या उष्णतेनें पेट्रोल तापे, दाबानें तोंडांतून उसळे व आगी लागत. १९८७ सालीं कंपनीस त्या गाड्या दुरुस्तीसाठीं परत मागवाव्या लागल्या. पुढें १९८९ पासून त्या देशांत उन्हाळ्यांतील पेट्रोलच्या वाफेच्या दाबावर सरकारी मर्यादा आली. मोठ्या कारखान्याच्या हातून जें सुटलें तें आमच्या गोठ्यांतील गाडींत घडणें अशक्य नाहीं.

पाळावयाचे नियम

पंपाची नळी बंद पडली कीं भरणें थांबवावें. रुपये पूर्ण करण्यासाठीं टाकी भरूं नये. घाट चढून आल्यावर किंवा उन्हांत उभी राहिल्यावर गाडीचें झांकण उघडूं नये. वास येत असेल तर इंजिन बंद करून सर्वांनीं दूर व्हावें व गाडी निवूं द्यावी. अंगावर पेट्रोल उडालें तर प्रथम आगीपासून दूर जावें, मग भिजलेले कपडे काढून अंग साबणानें व भरपूर पाण्यानें धुवावें. टिलर व गवत कापण्याचें यंत्र हंगामापूर्वीं बाहेर काढतांना झांकणाचें भोंक पाहावें. पेट्रोलचा कॅन उन्हांत ठेवूं नये. फुगला असेल तर सावलींत नेऊन, निवल्यावर, हळूच उघडावा. चिखलणीचे दिवस संपले कीं गाडीखालचा चिखल धुतांना डब्याच्या तोंडावर पाण्याचा जोराचा फवारा मारूं नये. आणि दुरुस्तीस गाडी नेतांना नुसतें “गाडी बिघडली” असें न सांगतां वहींतील नोंद पुढें ठेवावी. नोंद पाहून चांगला कारागीर लवकर दोषापर्यंत पोहोंचतो, आणि जो पाहत नाहीं त्याच्याकडून गाडी परत आणावी.

शेतावर गेल्यावांचून पीकपाहणीची नोंद घालूं नये, असें आम्हांस नोकरींत शिकविलें जाई. टाकीच्या बाबतींतहि तोच न्याय आहे. श्वास कोठें अडला हें डोळ्यांनीं पाहिल्यावांचून एकहि भाग बदलूं नये, आणि टाकी निवल्यावांचून तिचें तोंड उघडूं नये. हिर्डोशीच्या त्या टपरीवर त्यानंतर आम्हीं पुष्कळदां थांबलों. पुतण्या आतां गाडी चुलीपासून लांब, रस्त्याच्या पलीकडे उभी करितो. ज्या वाचकांस आपल्या गाडींत वरील खुणा आढळतील, त्यांनीं परीक्षा पहिली आजच सायंकाळीं, गाडी निवल्यावर, करून पाहावी.